दिसेल आणि ऐकू येईल इतक्या अंतरावर

पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळी नावाची पट्टी आणि शेजारी तसाच आणखी एक. अमेरिकेत काही वर्षं काढलेल्या मराठी माणसाने ही जोडी दारात नाही तर निदान बसस्टॉपवर तरी पाहिलेली असते. बघणाऱ्याला वाटतं, बिचाऱ्यांना सगळ्यात जड जात असेल ते तोंडावर बंद होणारं दार. दाराचं पंधरा दिवसांत काही वाटेनासं होतं. जड जातो तो शेजारी उभा असलेला दुसरा.

‘मॉर्मन’ हे लोकांनी पाडलेलं नाव. द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स हे पूर्ण नाव वापरा, असा आग्रह चर्च २०१८ पासून धरतं. या चर्चचं मिशन म्हणजे धर्मप्रचार, हे खरंच. पण रोजच्या जगण्यात ते एका अनोळखी माणसाबरोबर थाटलेलं घर असतं, आणि ते दर काही आठवड्यांनी मोडून नव्या माणसाबरोबर पुन्हा थाटायचं असतं. धर्मशिकवणीवर लिहिणारे पुष्कळ आहेत. इथे त्या घराविषयी.

मुलगे चोवीस महिने जातात, मुली अठरा. ऑक्टोबर २०१२ मध्ये मुलांचं किमान वय १९ वरून १८ आणि मुलींचं २१ वरून १९ वर आणलं गेलं (नोव्हेंबर २०२५ मध्ये मुलींचंही १८ झालं), तेव्हापासून शाळा संपवून थेट निघणाऱ्यांची संख्या खूप वाढली. २०२४ च्या अखेरीस जगभरात ७४ हजारांवर मिशनरी होते. अर्ज म्हणजे आधी वॉर्डच्या, म्हणजे स्थानिक मंडळीच्या, बिशपची मुलाखत, मग अशा अनेक वॉर्डांच्या गटाच्या, म्हणजे स्टेकच्या, प्रेसिडेंटची, मग डॉक्टर आणि दातांच्या डॉक्टरांचे फॉर्म. अक्कलदाढ त्रास देण्याची शक्यता असेल तर ती घरी असतानाच काढून टाकलेली बरी. कुठे जायचं ते मागता येत नाही. सॉल्ट लेक सिटीत चर्चच्या सर्वोच्च नेत्यांपैकी एक प्रेषित ठरवतात, पत्र येतं, आणि त्यात जे गाव असेल ते आपलं. कंपॅनियन, म्हणजे शेजारी उभा असलेला तो दुसरा, तोही मागता येत नाही. तो मिशन प्रेसिडेंट, म्हणजे त्या भागातल्या मिशनचे प्रमुख, ठरवतात. पगार नसतो, उलट खर्च घरचा. अमेरिकेसारख्या देशांतून जाणाऱ्यांसाठी कुठेही गेलं तरी महिन्याला सारखीच रक्कम भरायची पद्धत आहे. २०२० च्या जुलैपासून ती ४०० वरून ५०० डॉलर झाली. टोकियोत गेलेला आणि बोलिव्हियात गेलेला, दोघांच्या घरून तेवढेच पैसे जातात.

सुरुवात प्रशिक्षण केंद्रात होते. सगळ्यात मोठं युटातल्या प्रोवोमध्ये. मिशनची भाषा येत असेल तर तिथे दोन-तीन आठवडे, नवी भाषा शिकायची असेल तर सहा ते नऊ. सुरुवातीचा भाग आता घरी बसून ऑनलाइन होतो. पहिला कंपॅनियन इथेच मिळतो, पण त्याच्यावरून पुढचा अंदाज बांधू नये. तो आपल्याइतकाच कच्चा असतो, जेवण मेसमध्ये तयार असतं, दिवस घंटेवर चालतो. भांडण व्हायला लागणारी कारणं, म्हणजे भांडी, पैसे, रस्ता चुकणं, अजून आलेलीच नसतात.

नियम एकच, आणि बाकी सगळं त्याभोवती रचलेलं आहे: कंपॅनियन सतत दिसला पाहिजे आणि त्याचा आवाज ऐकू आला पाहिजे. अपवाद बाथरूम, मिशन प्रेसिडेंटांशी होणारी खासगी मुलाखत आणि असेच मोजके प्रसंग. झोपायचं एका खोलीत, वेगवेगळ्या पलंगांवर. येशूने शिष्यांना दोघादोघांनी पाठवलं असं मार्कच्या शुभवर्तमानात सहाव्या अध्यायात आहे, त्यावर ही रीत उभी आहे. व्यवहारातली कारणंही तितकीच भक्कम. अठरा-एकोणीस वर्षांचं पोर परक्या गावात रात्री एकटं फिरत नाही, आणि परक्या घरात काय बोललं-वागलं गेलं याला कायम एक साक्षीदार असतो. विरुद्धलिंगी व्यक्तीबरोबर एकटं थांबायचं नाही, मुलं सांभाळायची नाहीत, हे नियमही याच्याच पोटातले.

पूर्वी असं नेहमी जमतच होतं असं नाही. ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश मिशनरी १८५२ मध्ये मुंबईत उतरला, पुढे पुण्याच्या छावणीतही त्याने काम केलं. कलकत्त्याकडे काम करणारे दुसरे सहकारी आणि तो यांच्यात अख्खा देश आडवा. मराठी मुलखाशी या चर्चची ओळख तेव्हाची, आणि ती बराच काळ खंडित राहिली. बंगलोर मिशन १९९३ मध्ये, दिल्लीचं २००७ मध्ये, आणि देशातला पहिला स्टेक हैदराबादला २०१२ मध्ये झाला.

नियम वाचताना सोपा वाटतो. दुकानात गेल्यावर कळतो. एकाला दूध हवंय, दुसऱ्याला शाम्पू, आणि दोन्ही वस्तू दुकानाच्या दोन टोकांना. दोघंही आधी दुधाकडे, मग दोघंही शाम्पूकडे. म्हणून यादी घरीच, दुकानाच्या मांडणीच्या क्रमाने लिहायची. केस कापायचे तर दोघांनी एकाच दिवशी, नाहीतर एक नुसता बसून राहतो. पोस्ट, लाँड्रोमॅट, सायकलवाला, सगळीकडे जोडीने. लाँड्रोमॅटसाठी पंचवीस सेंटची नाणी आठवडाभर एका बरणीत साठवायची सवय लावावी, नाहीतर कपडे भिजवून झाल्यावर नाणी शोधत दोघांना भटकावं लागतं.

खरी परीक्षा आजारपणात. एकाला ताप आला की दोघंही घरात. धडधाकट असलेला पहिल्या दिवशी पुस्तक वाचतो, दुसऱ्या दिवशी कपाट आवरतो, तिसऱ्या दिवशी खोकल्याच्या आवाजावर चिडायला लागतो. चिडल्याची लाज वाटते, म्हणून बोलत नाही, आणि ते साचतं. यावर इलाज दुसऱ्या दिवशीच करायचा. जवळच्या जोडीला बोलवायचं. त्यांच्यातला एक आजाऱ्यापाशी बसतो, दुसरा धडधाकटाला घेऊन बाहेर पडतो. चार माणसांच्या दोन जोड्या, फक्त फिरवलेल्या. फोन करायला संकोच वाटतो, कारण आपल्यामुळे दुसऱ्यांचा दिवस जातो असं वाटतं. तो संकोच गिळावा. पुढच्या महिन्यात त्यांचाच फोन येतो.

दिवस साडेसहाला उठून सुरू होतो आणि साडेदहाला दिवा मालवून संपतो. २०१७ पासून वेळापत्रक बरंच सैल झालंय. उशिरा जेवणाऱ्या देशांत मिशन प्रेसिडेंट वेळा पुढे-मागे करू शकतात. ढाचा तोच: प्रार्थना, अर्धा तास व्यायाम, अंघोळ-न्याहारी, स्वतःचं वाचन, मग दोघांचं एकत्र वाचन, भाषा शिकणाऱ्याला त्यावर आणखी अर्धा-पाऊण तास, आणि दहाच्या सुमारास बाहेर. रात्री नऊ-साडेनऊला परत.

व्यायामातच पहिली कुरबुर होते. एक जण शाळेत धावपटू होता, दुसऱ्याला जिना चढताना धाप लागते, आणि नियमामुळे दोघांना एकत्रच पळायचं आहे. हळू असणाऱ्याने वेग ठरवायचा, हे पहिल्या सकाळीच कबूल करून टाकावं. तोच नियम चालायला आणि सायकलला. पुढचा वीस पावलं पुढे गेला की नियम मोडला, मागच्याचा अपमान झाला आणि रस्त्यावरच्या लोकांना दोन रुसलेले भाऊ दिसले. सायकली असतील तर दोघांची चाकं एकाच मापाची घ्यावीत. मग एक जादा ट्यूब आणि एक पंप दोघांना पुरतो. एक सायकल बंद पडली की दोन्ही बंदच असतात, दुसरी कितीही चांगली असो.

गाडी मिळाली तर तिचे वेगळे सोपस्कार. चालवणारा ठरलेला असतो, महिन्याच्या मैलांवर मर्यादा असते, आणि बहुतेक ठिकाणी गाडीत एक यंत्र बसवलेलं असतं, जे वेग वाढला की मोठ्याने टोकतं आणि नोंद कार्यालयात पाठवतं. सगळ्यात मजेशीर दृश्य रिव्हर्सचं. गाडी मागे घ्यायची म्हटलं की कंपॅनियन उतरणार, गाडीच्या मागच्या बाजूला, चालवणाऱ्याला आरशात दिसेल असा उभा राहणार आणि हाताने ‘ये, ये, थांब’ करणार. पाऊस असो, मोकळं मैदान असो. शेजारपाजारचे हसतात. मात्र अठरा वर्षांच्या मुलांच्या ताब्यात हजारो गाड्या दिल्यावर सगळ्यात जास्त काय घासलं जातं, ते मागचे बंपर. तेव्हा नियम शहाण्याने केलाय. मैलांची गफलत महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात उघड होते: लांबच्या भेटी पहिल्या पंधरवड्यात उरकल्या, आता गाडी दारात उभी आणि दोघं पायी. महिन्याचा कोटा चार भागांत वाटून डॅशबोर्डवर चिकटवला की हे टळतं.

आता दार. वाजवण्याआधी दोन गोष्टी ठरलेल्या हव्यात: बोलणार कोण, आणि कोणी नसलं तर पुढे कुठे. एक दार तुझं, एक माझं, ही सगळ्यात सोपी पद्धत. बेल वाजवून दोन पावलं मागे सरकायचं, म्हणजे दार उघडणाऱ्याला अंगावर आल्यासारखं वाटत नाही. बोलणारा दारासमोर, दुसरा अर्धं पाऊल मागे आणि बाजूला. त्याला तिथून गल्लीही दिसते आणि अंगणातला कुत्राही. नव्याची पाळी आली आणि तो अडखळला, तर जुन्याची जीभ सळसळते. गप्प राहावं. त्याने तीन वाक्यं तोडकीमोडकी का होईना, पुरी केली की चौथ्या दारात तो सुटतो. मध्येच उचलून घेतलं तर महिनाभर सुटत नाही, आणि मग तोच जुना प्रेसिडेंटांना सांगतो की माझा कंपॅनियन बोलतच नाही.

घरात बोलावलं तर शिकवणं. ते दारात दहा मिनिटांचंही असतं, सोफ्यावर पाऊण तासाचंही. शिकवायचे धडे ‘प्रीच माय गॉस्पेल’ या मार्गदर्शक पुस्तकात आहेत. २००४ मध्ये ते आलं आणि २०२३ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली. पूर्वी धडे शब्दशः पाठ करावे लागत. आता मुद्दे दिलेले असतात, शब्द आपले. त्यामुळे दोघांनी मिळून शिकवणं हे खरं कसब होऊन बसलं. सकाळच्या एकत्र वाचनात धडा मुद्द्यांत तोडायचा, प्रत्येकाकडे दोन-तीन मिनिटांचा तुकडा. एक बोलतो तेव्हा दुसऱ्याचं काम ऐकणाऱ्याकडे बघण्याचं आहे: कपाळाला आठी पडली का, नजर घड्याळाकडे गेली का, स्वयंपाकघरात काही करपतंय का. त्याला काही दिसलं तर त्याने बोलणं हातात घ्यायचं. त्यासाठी खूण ठरवावी. मांडीवरचं पुस्तक मिटणं ही चांगली खूण, कोणाला कळत नाही. बुटाने बूट दाबणं टाळावं. कळतं ते.

बिघडतं कुठे? दोघं एकदम बोलतात. किंवा अर्ध्या तासातली पंचवीस मिनिटं एकच बोलतो आणि दुसरा पुतळ्यासारखा हसत बसतो. किंवा सर्वांत वाईट म्हणजे समोरच्यांदेखत एक दुसऱ्याला दुरुस्त करतो. चूक अगदी सुधारायलाच हवी असेल तर ‘एल्डर म्हणाले त्यात एक भर घालतो’ असं म्हणून घालावी (एल्डर हे मिशनवरच्या मुलांचं संबोधन, मुलींचं सिस्टर), आणि बाहेर पडल्यावर निदान कोपऱ्यापर्यंत त्यावर काही बोलू नये. आणखी एक नेहमीची खोड: प्रश्न विचारायचा आणि दोन सेकंदांत उत्तर आलं नाही की स्वतःच उत्तर द्यायचं. मनात दहापर्यंत मोजावं. आठला समोरचा बोलतो. मात्र आपण मोजत असताना कंपॅनियन सहाला तोंड उघडतो, म्हणून हे मोजणं दोघांनी आधी ठरवून करायचं असतं.

आपल्याकडच्या घरांत गेल्यावर चहाची पंचाईत होते. १८३३ मध्ये आलेल्या आरोग्यविषयक शिकवणीप्रमाणे दारू, तंबाखू, कॉफी आणि चहा वर्ज्य. मराठी घरात चहा नाकारणं म्हणजे भांडायला आल्यासारखं. मुरलेले मिशनरी उंबरठा ओलांडतानाच सांगून टाकतात, ‘आम्हाला फक्त पाणी चालेल.’ आधण ठेवल्यावर सांगितलं की सगळ्यांचाच विरस. आणि वाचकांपैकी कोणाच्या दारात हे आले, तर लिंबूसरबत चालतं, चिवडाही चालतो, शिकवणी ऐकायची नसेल तर तसं स्पष्ट सांगितलेलंही चालतं. ‘नंतर या’ चालत नाही. ते खरंच येतात, वहीत लिहून घेतात.

वही म्हणजे पूर्वीची जाडजूड फाइल, आता फोनमधलं अ‍ॅप. कोण भेटलं, काय बोलणं झालं, पुढे कधी. या नोंदींवर आठवड्याचं नियोजन चालतं. गुरुवारी किंवा शुक्रवारी दोन-तीन तास बसून. नव्या जोड्या तासाला एक भेट मांडतात आणि खूश होतात. अर्ध्या भेटी होत नाहीत: लोक विसरतात, पाहुणे आलेले असतात, पडदा हलतो पण दार उघडत नाही. म्हणून प्रत्येक भेटीला एक पर्याय, आणि तो त्याच गल्लीतला. पर्याय गावाच्या दुसऱ्या टोकाला असला की चाळीस मिनिटं चालण्यात जातात, आणि त्या चाळीस मिनिटांत कोणी आखणी केली होती यावर चर्चा होते.

पैशांचं सांगायला हवं. घरभाडं मिशन भरतं. जेवण-प्रवासासाठी दर महिन्याला कार्डावर ठरावीक रक्कम येते आणि ती प्रत्येकाची स्वतंत्र असते. सगळं एकत्र केलं तर एकाच्या सिरियलच्या डब्यावरून वाद, सगळं वेगळं ठेवलं तर फ्रिजमध्ये दोन अर्ध्या दुधाच्या कॅन आंबून जातात. मधला मार्ग असा: तेल, मीठ, तांदूळ, अंडी, दूध, साबण, टॉयलेट पेपर यांसाठी महिन्याच्या एक तारखेला दोघांनी सारखी रक्कम लिफाफ्यात टाकायची. खाऊ ज्याचा त्याचा, फ्रिजमधला वरचा कप्पा एकाचा, खालचा दुसऱ्याचा. वॉर्डातली कुटुंबं आठवड्यातून काही रात्री जेवायला बोलावतात. त्यावर विसंबून पहिल्या दहा दिवसांत पैसे उडवणारे शेवटच्या आठवड्यात पिठाचे पॅनकेक खाताना दिसतात. महिन्याचा पहिला रविवार उपवासाचा. लागोपाठ दोन जेवणं सोडायची. ज्या जोडीचा शनिवारी रात्री वाद झालाय, तिचा तो रविवार फार लांबतो.

वाद होतातच. त्यासाठी नियोजनाच्या शेवटी एक बैठक असते, तिला कंपॅनियनशिप इन्व्हेंटरी म्हणतात. दोघांनी समोरासमोर बसायचं, काय चांगलं चाललंय ते सांगायचं, काय खुपतंय ते सांगायचं, आठवड्यासाठी काहीतरी ठरवायचं, प्रार्थना करून उठायचं. अख्ख्या मिशनमधलं सगळ्यात उपयोगी साधन हेच आहे आणि सगळ्यात जास्त टाळलं जातं तेही हेच. ‘काही नाही, सगळं ठीक’ म्हणून दीड मिनिटात उरकणाऱ्या जोड्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एकमेकांशी फक्त पत्ते बोलतात: उजवीकडे, दुसरं घर, बेल चालत नाही.

नीट कसं करायचं, तर ‘नेहमी’ हा शब्द बंद. ‘तू नेहमी उशीर करतोस’ यावर उत्तर एकच येतं: ‘आणि तू?’ त्याऐवजी, ‘मंगळवारी दहा वाजता मी दारात बॅग लावून उभा होतो आणि तू मोजे शोधत होतास. आपण सव्वादहाला निघालो, म्हणून ती आजी बाहेर निघून गेली.’ यात दिवस आहे, वेळ आहे, परिणाम आहे. ऐकणारा खजील होतो पण भांडत नाही. मग उपाय: मोजे रात्रीच बुटात. इतका छोटा उपाय चालतो. ‘मी सुधारेन’ हा उपाय चालत नाही, तो कधी झाला ते मोजता येत नाही. तक्रारी एका बैठकीत एक, फार तर दोन. वही काढून यादी वाचणारा कंपॅनियन असतो, त्याची यादी खरी असते आणि तरीही तिचा काही उपयोग होत नाही. आणि चांगलं सांगताना वरवरचं नको. ‘तू चांगला आहेस’ हे विसरलं जातं. ‘त्या काकांच्या बायकोचं नाव तुला आठवलं, मला आठवत नव्हतं’ हे लक्षात राहतं.

काही गोष्टी बोलून सुटत नाहीत. घोरणं हे त्यातलं एक: कानात घालायचे फोमचे बोळे, हलक्या झोपेच्याने आधी झोपायचं, आणि पलंग भिंतीच्या दोन टोकांना. घरची आठवण दुसरं. ती पहिल्या सहा आठवड्यांत रात्री येते, नंतर सणांना. पूर्वी घरी फोन वर्षातून दोनदाच, नाताळ आणि मदर्स डेला. फेब्रुवारी २०१९ पासून दर आठवड्याला व्हिडिओ कॉल करता येतो. कॉल चालू असताना कंपॅनियन त्याच खोलीत असतो, हे घरच्यांना आधी सांगून ठेवावं. नाहीतर आई विचारते, ‘तो अजून तसाच त्रास देतो का रे?’ आणि तो तीन फुटांवर मोज्यांच्या जोड्या लावत असतो. आणि उदासी दोन-तीन आठवडे हटेना, झोप-जेवण बिघडलं, तर ते घरच्या आठवणीचं प्रकरण नसतं. कंपॅनियन हा डॉक्टर नव्हे. मिशन प्रेसिडेंट आणि त्यांच्या पत्नीला फोन करायचा, मिशनला समुपदेशक उपलब्ध असतात. कंपॅनियनने हे लपवणं म्हणजे मैत्री असं मुलांना वाटतं. तिथेच चुकतं.

मिशनवर नव्याने येणाऱ्याला पहिला कंपॅनियन म्हणून ट्रेनर मिळतो, बारा आठवड्यांसाठी. मिशनरींच्या बोलीत नवा तो ‘ग्रीनी’, ट्रेनर त्याचा ‘बाप’ किंवा सिस्टर असेल तर ‘आई’. मिशन संपून घरी जाणं म्हणजे ‘मरणं’, आणि शेवटचा कंपॅनियन आपल्याला ‘मारतो’. घरी जायचे दिवस मोजत ज्याचं लक्ष उडालंय तो ‘ट्रंकी’, कारण त्याची ट्रंक मनातून भरून झालेली असते. ट्रंकी माणूस आणि ग्रीनी यांची जोडी लावली गेली तर ग्रीनीचं नुकसान ठरलेलं. रस्ते, लोक, भाषा काहीच माहीत नसल्याने ‘आज जरा बसू’ याला नाही म्हणायची त्याच्यात धमक नसते. अशा वेळी डिस्ट्रिक्ट लीडरबरोबरचा (आसपासच्या काही जोड्या सांभाळणारा मिशनरी) एक्सचेंज कामी येतो: चोवीस तासांसाठी जोड्या फिरवायच्या, टूथब्रश आणि एक शर्ट घेऊन. दुसऱ्याबरोबर एक दिवस काम केलं की आपल्या घरी काय चाललंय ते आपोआप लक्षात येतं.

तिघांची जोडी, म्हणजे ट्रायो, ही संख्या विषम झाली की होते. दोघं बोलतात, तिसरा मागे. तिसरा कोण हे रोज बदलेल अशी पाळी लावली नाही तर तो कायमचा एकच होतो.

आठवड्यात एक दिवस तयारीचा: कपडे, बाजार, साफसफाई, घरी पत्रं, थोडा बास्केटबॉल. पोहणं बंद. त्या दिवशी निदान तासभर एकमेकांशी न बोलता बसायचं ठरवलं तर कोणाला राग येऊ नये. एकाच खोलीत, एक खिडकीकडे, एक टेबलाकडे, आणि नियमही पाळलेला.

साधारण सहा आठवड्यांनी बदल्यांचा फोन येतो. थांबणार की जाणार, जाणार तर कुठे, कोणाबरोबर. फोन रात्री आला तर कोणी झोपत नाही. जाणाऱ्याकडे भरायला एक रात्र असते, दोन मोठ्या बॅगा आणि एक लहान. आधी बूट, मग बुटांत मोजे, सूट सगळ्यात वर, पट्टी शर्टाला लावलेलीच. थांबणाऱ्याने दुसऱ्या दिवशी येणाऱ्यासाठी पलंगावरची चादर धुवायची, हे बहुतेक विसरतात.

आणि जाणाऱ्याने फ्रिजवर एक कागद चिकटवून जायचा. लोकांच्या नोंदी अ‍ॅपमध्ये असतात, हा कागद बाकीच्याचा. गरम पाण्याचा नळ डावीकडे नाही, उजवीकडे. बस रविवारी येत नाही. कोपऱ्यावरच्या घरी कुत्रा साखळीत असतो, पण साखळी फाटकापर्यंत पोचते. लाँड्रोमॅटमधलं तिसरं मशीन नाणी गिळतं. वरच्या मजल्यावरच्या आजोबांना दर शुक्रवारी कचऱ्याचा डबा खाली आणून द्यायचा, त्यांनी सांगितलेलं नाही. आणि खाली, कंसात, थांबणाऱ्याबद्दल एक ओळ: तो सकाळी सात वाजेपर्यंत बोलत नाही, रागावलेला नसतो.